घोडे कोठे पेंड खाते?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळी चकित झाली असतील. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. संगणकावरचे खेळ आणि त्यासाठी लागणारा प्रोसेसर यांच्याशी त्याचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते अगदी रोकडे आहे. कामगारांच्या पतपेढीकडे पूर्वी कर्जाचे अर्ज येत ते लग्नासाठी, आजारपणासाठी, घरावरच्या पत्र्यांसाठी. आता त्यांत मुलाच्या संगणकाचाही अर्ज असतो. संगणक घेऊन तीन-चार वर्षे झाली की दुसरा अर्ज येतो. मुलगा म्हणतो, प्रोसेसर जुना झाला, खेळ अडखळतो, नवा बसवला पाहिजे. रक्कम पंधरा-वीस हजारांची. ज्या घरात महिन्याचा पगारच जेमतेम तेवढा आहे, तेथे हे पैसे वाया गेले तर वर्षभर हप्ते मात्र फेडत बसावे लागतात. म्हणून हा प्रश्न पोरासोरांचा समजून सोडून देण्यासारखा नाही.

मुलांनी खेळूच नये, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, आणि तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती. ती सुट्टी मागताना ‘त्या दिवशी तुम्ही काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर देणे कामगारांवर बंधनकारक नव्हते. विश्रांतीचा वेळ ज्याचा त्याचा. कोणी भजनाला बसेल, कोणी कुस्तीच्या आखाड्यात जाईल, कोणी संगणकावर मोटार पळवील. खेळावे की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. आपल्यापुढचा प्रश्न एवढाच की, प्रोसेसर बदलला तर खेळ खरोखर सुधारेल काय?

याचे उत्तर ‘कधी हो, कधी नाही’ असे आहे. असे उत्तर ऐकून आपली निराशा होईल. परंतु आपल्या घरच्या यंत्रापुरते यातले कोणते उत्तर खरे, हे एक पैसाही खर्च न करता अर्ध्या तासात ठरवता येते. ते कसे ठरवायचे, हेच मला सांगायचे आहे.

प्रथम, खेळ पडद्यावर दिसतो म्हणजे काय होते, ते पाहू. पडद्यावर हलणारे चित्र दिसते ते सिनेमाप्रमाणेच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमुळे. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम यायच्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात सारे काम उरकावे लागते. सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील तर सातच मिलिसेकंद हाती राहतात. या अवधीत मुख्यतः दोन कारागिरांचे काम चालते. एक प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड.

प्रोसेसर हिशेब करतो. खेळाडूने कोणते बटण दाबले, शत्रू कोठे सरकला, गोळी लागली की चुकली, भिंत पडली तर विटा कोणीकडे गेल्या, हे सारे तो ठरवतो आणि ‘अमुक वस्तू अमुक ठिकाणी काढ’ असे हुकूम ग्राफिक्स कार्डाला देतो. ग्राफिक्स कार्ड त्या हुकमाप्रमाणे रंग भरते. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग, उजेड आणि सावली काढणे हे त्याचे काम. सध्याची फ्रेम रंगवली जात असतानाच प्रोसेसर पुढच्या फ्रेमचा हिशेब करू लागलेला असतो. म्हणजे दोघे एकाच वेळी, परंतु एकापुढे एक असे काम करतात.

आपल्या यंत्रमागाच्या गावात हे समजावून सांगायला फार सायास नकोत. साध्या मागाला धोटा असतो, धोट्यात कांडी असते, आणि ती कांडी भरून देणारा माणूस वेगळा असतो. समजा, एका शेडमधले आठ माग तासाला शंभर कांड्या खातात आणि कांडीवाली बाई तासाला ऐंशीच भरू शकते. अशा शेडमध्ये मालकाने माग काढून दुप्पट वेगाचे माग बसवले तर कापड किती वाढेल? एक वारही वाढणार नाही. नवे माग कांडीची वाट पाहत उभे राहतील. उलट, कांड्या ढिगाने भरून पडल्या असतील आणि मागच सावकाश चालत असतील, तर दुसरे कांडी मशीन आणल्याने नुसता ढीग वाढेल.

संगणकातही असेच घडते. समजा, एका फ्रेमचा हिशेब करायला प्रोसेसरला ९ मिलिसेकंद लागतात आणि ती रंगवायला कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. तर दर २० मिलिसेकंदांना एक फ्रेम बाहेर पडेल, म्हणजे सेकंदाला ५०. आता वीस हजार खर्चून असा प्रोसेसर आणला की जो तेच काम ६ मिलिसेकंदांत करतो. प्रोसेसर दीडपट वेगवान झाला, यात खोटे काही नाही. पण फ्रेम किती? पूर्वी ५० होत्या, आताही ५०. नवा प्रोसेसर ६ मिलिसेकंद काम करून १४ मिलिसेकंद हात बांधून बसेल. आता आकडे उलटे करा. प्रोसेसरला २० आणि कार्डाला ९ मिलिसेकंद लागत असतील, तर हाच नवा प्रोसेसर तेच काम साधारण १३ मिलिसेकंदांत करील आणि ५० च्या ७५ फ्रेम होतील. प्रोसेसर एकच, किंमतही एकच. एका घरी तो वरदान, दुसऱ्या घरी निरुपयोगी. म्हणून शेजारच्या मुलाने बदलला आणि त्याला फरक पडला, एवढ्यावरून आपण बदलू नये. आपले घोडे कोठे पेंड खाते, ते आपणच पाहिले पाहिजे.

या विचाराला शास्त्रीय रूप देणारा एक मोठा इंजिनियर होऊन गेला. त्याचे नाव जीन ॲम्डाल. आयबीएम कंपनीच्या १९६४ सालच्या ‘सिस्टिम ३६०’ या सुप्रसिद्ध संगणक मालिकेच्या रचनेत त्याचा प्रमुख भाग होता. १९६७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे संगणक इंजिनियरांची वसंत परिषद भरली होती. आपल्याप्रमाणे तेही वसंतातच जमत असत! त्या परिषदेत त्याने एक छोटा निबंध मांडला. त्याचे सार असे की, कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढवला तरी एकूण लाभाला उरलेल्या भागाची मर्यादा पडते. एखाद्या भागाला एकूण वेळेपैकी २० टक्के वेळ लागत असेल, तर तो भाग क्षणात उरकू लागला तरी उरलेले ८० टक्के राहतातच, आणि सारे काम सव्वापटीपेक्षा अधिक वेगाने होऊ शकत नाही. याला पुढे ॲम्डालचा नियम असे नाव पडले.

हाच नियम ‘जास्त कोअर म्हणजे जास्त वेग’ या समजुतीलाही लागू पडतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र कामगार. पूर्वी प्रोसेसरचा वेग दर दोन-चार वर्षांनी झपाट्याने वाढे. २००४ सालच्या सुमारास ती वाढ खुंटली, कारण वेग वाढवावा तर उष्णता आवरेना. तेव्हापासून कंपन्या एकाच प्रोसेसरमध्ये अधिकाधिक कोअर घालू लागल्या. पण खेळाचे सगळे काम वाटून देता येत नाही. गोळी लागली की नाही हे ठरल्याशिवाय माणूस पडला की नाही, हे ठरत नाही. जे काम एकामागून एकच करावे लागते ते निम्मे असेल, तर सोळा काय आणि साठ काय, कितीही कोअर दिले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही.

आता कोणत्या परिस्थितीत कोणता कारागीर अडतो, ते पाहू. कार्डावरचा बोजा मुख्यतः पडद्यावरच्या ठिपक्यांवर अवलंबून असतो. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर, ८२ लाख ९४ हजार ४००, बरोबर चौपट. पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा केला की कार्डाचे काम त्या मानाने फुगते. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण शत्रू दहा असतील तर ते दोन्ही पडद्यांवर दहाच असतात. म्हणून फोर-के पडद्यावर भारी चित्रांचे खेळ खेळणाऱ्याला प्रोसेसर बदलून सहसा फारसे काही मिळत नाही.

याच्या उलट, ज्या खेळांत चित्र साधे पण हालचाल अतिशय जलद, जसे ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’, त्यांत बऱ्यापैकी कार्ड असले तर प्रोसेसर मागे पडतो. नगररचनेचे खेळ तर प्रोसेसरची परीक्षाच घेतात. २०२३ साली आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ मध्ये शहर वाढत जाते तसतशी हजारो नागरिकांची ये-जा यंत्राला सांभाळावी लागते. तेथे हिशेबाचे काम प्रचंड असते आणि चांगल्या प्रोसेसरचा उपयोग उघड दिसतो. काही खेळांत रस्त्यावरची गर्दी किती असावी, किती लांबचे दिसावे, हे आपल्याला ठरवता येते. ते कमी केले तर प्रोसेसरचाही बोजा हलका होतो.

हे झाले सामान्य विवेचन. आता प्रत्यक्ष मोजणी. पहिली गोष्ट, खेळ जेथे हमखास अडखळतो अशी एकच जागा निवडावी आणि दर वेळी तोच रस्ता, तेवढाच वेळ चालावा. दुसरी गोष्ट, आकडे पडद्यावर दिसण्याची सोय करावी. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हा कार्यक्रम त्यासाठी फुकट मिळतो आणि तो इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे, ते पाहावे. तो आकडा सतत ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड दमछाक होईतो राबत आहे आणि अडचण तेथे आहे. तेथे प्रोसेसर बदलणे म्हणजे दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला. तो आकडा ६०-७० टक्के राहत असेल आणि तरीही फ्रेम कमी पडत असतील, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत आहे, असे समजावे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे. ठिपके निम्म्याहूनही कमी झाले. आता पुन्हा त्याच जागी त्याच रस्त्याने चालून पाहावे. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची होती. फ्रेम होत्या तेथेच राहिल्या तर कार्डाचा काही दोष नाही. प्रोसेसर किंवा त्याला माल पुरवणारी रॅम मागे पडत आहे. अशी मोजणी तीन वेळा करावी आणि आकडे वहीत लिहावेत. आठवणीवर विसंबू नये, कारण नवे यंत्र घेण्याची हौस असली की आठवणही हौसेच्या बाजूने साक्ष देते.

मोजताना तीन ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो. पहिले ठिकाण म्हणजे प्रोसेसरच्या वापराचा एकूण आकडा. समजा, प्रोसेसरला आठ कोअर आणि त्यांवर सोळा कामे एकाच वेळी चालवण्याची सोय आहे. खेळाचे मुख्य काम एकाच ठिकाणी पूर्ण दाबाने चालले असेल, तर एकूण वापरात त्याचा वाटा सव्वासहा टक्के दिसतो. मुलगा म्हणतो, ‘प्रोसेसर तर वीस टक्केही वापरात नाही, तो कसा अडेल?’ मस्टरवर सोळा नावे आहेत, पण एकटा घाम गाळतो आहे आणि बाकीचे त्याची वाट पाहत बसले आहेत. सरासरी काढली तर सगळे खाते आळशी दिसते. म्हणून प्रत्येक कोअरचा आकडा वेगवेगळा पाहावा.

दुसरे ठिकाण म्हणजे पडद्याची किंवा खेळाची स्वतःची मर्यादा. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. खेळात व्ही-सिंक चालू असेल तर फ्रेम ६० वरच थांबतात. अशा वेळी कार्ड निवांत दिसते, प्रोसेसरही निवांत दिसतो, आणि दोघेही निर्दोष असतात. मोजण्यापूर्वी ही मर्यादा काढून ठेवावी.

तिसरे ठिकाण सरासरीचे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. कामगार संघटनेत काम करणाऱ्याला सरासरी या शब्दाचा चांगलाच अनुभव असतो. व्यवस्थापकाचा पगार आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून सरासरी काढली की कारखान्यात कोणीच गरीब राहत नाही! फ्रेमचेही तसेच आहे. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या असे यंत्र सांगते. पण त्यांतल्या ५९ फ्रेमना प्रत्येकी १२ मिलिसेकंद लागले आणि एकीला २९२ लागले, तरी बेरीज हजारच होते आणि सरासरी ६० च येते. डोळ्याला मात्र जवळजवळ पाव सेकंदाचा ठसका जाणवतो, आणि तेवढ्यात खेळातला गडी मारला जातो. २०११ साली अमेरिकेतील ‘टेक रिपोर्ट’ या प्रकाशनात स्कॉट वॉसन यांनी, सेकंदाच्या सरासरीवर न थांबता प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते पाहा, असे प्रतिपादन केले. पुढे परीक्षकांनी ही पद्धत उचलली. आज परीक्षणांत ‘एक टक्का नीचांक’ म्हणून जो आकडा देतात, तो सर्वांत रखडलेल्या एक टक्का फ्रेमचा हिशेब असतो. प्रोसेसर बदलल्याचा लाभ पुष्कळदा सरासरीत थोडा आणि या नीचांकात अधिक दिसतो. तेव्हा खेळ एकंदरीत मंद आहे की मधूनमधून ठसकतो, हे अगोदर ठरवावे. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता समजा, मोजणीत प्रोसेसरच मागे पडतो असे निघाले. तरी लगेच बाजारात धावू नये. आधी फुकटचे किंवा थोड्या पैशांचे उपाय करून पाहावेत. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे की चुकून मदरबोर्डाला, ते पाहावे. हसू नका, ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक घरांत सापडते, आणि मग हजारो रुपयांचे कार्ड बाजूला राहून खेळ प्रोसेसरमधल्या साध्या चित्रशक्तीवर चालू असतो. पंख्यावर आणि जाळीवर धूळ बसली आहे काय? आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रोसेसर तापला की स्वतःच्या बचावासाठी तो आपला वेग उतरवतो. ब्रशाने धूळ काढली, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तरी पुष्कळदा गेलेला वेग परत येतो. १६ जीबीची एकच रॅमची पट्टी बसवली आहे काय? मदरबोर्डावर दोन मार्ग असताना एकाच मार्गाने माल येत असेल, तर प्रोसेसर अडून राहतो. ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत असणे अधिक चांगले. रॅम ज्या वेगाची म्हणून विकत घेतली तो वेग बायोसमध्ये चालू केलेला असतोच असे नाही. तो ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ या नावाखाली चालू करावा लागतो. हे सर्व करून पुन्हा तीच मोजणी करावी.

एवढे करूनही प्रोसेसर अडत असेल, तर तो बदलणे रास्त आहे आणि त्यासाठी कर्ज काढणारा माणूस वेडा नव्हे. पण कोणता घ्यावा? गिगाहर्ट्झचा आकडा मोठा तो चांगला, असे दुकानात सांगतात. याला उत्तर म्हणून एकच उदाहरण देतो. एएमडी कंपनीने २०२० साली ‘रायझन ७ ५८००एक्स’ काढला आणि २०२२ साली ‘५८००एक्स३डी’ काढला. दोन्हींत आठच कोअर. पहिल्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.५, म्हणजे नवा कागदावर मंद. तरीही बहुतेक खेळांत दुसराच सरस ठरला. कारण काय? पहिल्याजवळ तिसऱ्या पातळीची कॅश मेमरी ३२ एमबी होती, दुसऱ्याजवळ ९६. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाच्या एका अब्जांशात चार ठोके टाकतो. रॅममधून माहिती आणायला असे ८० अब्जांश लागले, तर तो तीनशेवीस ठोके रिकामा उभा राहतो. कॅश म्हणजे मागाच्या शेजारी ठेवलेली कांड्यांची टोपली, आणि रॅम म्हणजे गावाबाहेरचे गोदाम. टोपली मोठी असली की गोदामाच्या खेपा वाचतात. कामगाराचा हात सावकाश नव्हता. त्याला माल वेळेवर मिळत नव्हता. ही गोष्ट कारखान्याच्या मालकांनीही ऐकण्यासारखी आहे.

यानंतर खर्चाचा पुरा हिशेब मांडावा. प्रोसेसर मदरबोर्डावरच्या ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळले नाही तर मदरबोर्ड नवा, मदरबोर्ड नवा तर पुष्कळदा रॅमही नवी. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव किती भडकले, ते दुकानात गेलेल्यांना ठाऊक आहे. वीस हजारांचा अर्ज चाळीस हजारांवर जातो तो असा. इंटेल कंपनीचे २०१७ सालचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ११५१ याच नावाच्या सॉकेटचे होते, पण त्याच नावाच्या आधीच्या मदरबोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. म्हणजे नाव जुळले म्हणून काम जुळते असे नाही. मदरबोर्ड कंपनीची यादी पाहावी. उलट, एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७ साली घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांना बायोस बदलून २०२२ चा ‘५८००एक्स३डी’ बसवता आला. अशा घराला एवढ्याच खर्चात यंत्राचे आयुष्य वाढवता येते. मात्र बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ज्या भागात वीज केव्हाही जाते तेथे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवाचून हे काम करू नये. आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर डाग देऊन कायमचा जोडलेला असतो. तेथे तो बदलण्याचा प्रश्नच निघत नाही.

दोन शंका हमखास विचारल्या जातात. एक अशी की, प्रसिद्ध होणाऱ्या परीक्षणांत तर नवा प्रोसेसर तीस टक्के पुढे दिसतो, ते खोटे काय? खोटे नाही. परीक्षक मुद्दाम सर्वांत महागडे कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन कमी ठेवतात, म्हणजे कार्ड आड येत नाही आणि दोन प्रोसेसरांतला फरक स्पष्ट दिसतो. पद्धत योग्य आहे. पण तो फरक प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आहे. आपल्या घरी मध्यम कार्ड असेल, तर त्या तीस टक्क्यांतले आपल्या वाट्याला शून्यही येऊ शकते. जाहिरातदार तो आकडा उचलतो आणि ही परिस्थिती मात्र सांगत नाही.

दुसरी शंका विंडोजची. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ अनेक जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. या कारणाने एखाद्याला प्रोसेसर बदलावा लागेल. पण ते कारण सुरक्षिततेचे आहे, खेळाच्या वेगाचे नाही. दोन कारणे एकत्र मिसळली की विकणाऱ्याचे फावते. प्रत्येक कारणाचा हिशेब वेगळा मांडावा आणि मग बेरीज करावी.

मंडळी, हा सर्व खटाटोप एका प्रोसेसरपुरता नाही. कारखान्यात माल कमी निघाला की पहिला ठपका येतो तो मागावर उभ्या असलेल्या माणसावर. घड्याळ घेऊन माणूस येतो, कामगाराच्या हाताचा वेग मोजतो, आणि ‘हात चालवा’ असा हुकूम सुटतो. सूत तुटत होते की नाही, बीम वेळेवर आले की नाही, वीज किती वेळ नव्हती, हे त्या घड्याळात धरलेले नसते. म्हणून कामगार संघटनांनी नेहमी असा आग्रह धरला की, मोजणी आमच्यासमोर करा आणि थांबलेल्या वेळाचे कारणही लिहा. घरच्या संगणकाबाबत मी याहून वेगळे काही सांगत नाही. ज्याच्या खिशातून पैसे जाणार, घड्याळ त्याच्या हातात असावे. दुकानदाराने सांगितले म्हणून नव्हे, मित्राने आणला म्हणून नव्हे, तर वहीतल्या आकड्यांनी सांगितले म्हणून प्रोसेसर बदलावा.

आणि आई-बापांना एक विनंती. मुलगा पैसे मागायला आला तर त्याला एकदम ‘नाही’ म्हणू नका आणि एकदम ‘हो’ही म्हणू नका. त्याला म्हणावे, ‘बाळ, तीन वेळा मोज, आकडे लिहून आण, आणि अडते कोठे ते मला समजावून सांग.’ तो आकडे घेऊन आला आणि त्यांवरून प्रोसेसरच अडतो असे दिसले, तर जमेल तेव्हा जरूर घेऊन द्यावा. तसे दिसले नाही, तर वीस हजार वाचले. आणि कोणाचेही म्हणणे मोजून पाहिल्याशिवाय मान्य न करण्याची जी सवय त्याला लागली, ती त्याला कारखान्यात, कचेरीत आणि बाजारात जन्मभर उपयोगी पडेल.